मागचा शहाणा व्हावा म्हणून

अंधेरीच्या एखाद्या गल्लीत रिक्षा दुरुस्त करणारा मिस्त्री इंजिनाचा आवाज कानावर पडताच दोष कोठे असावा, हे बहुधा अचूक सांगतो. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिणाऱ्या मुलाचे नेमके काय चुकले, हे मुलुंडच्या शाळेतील अनुभवी शिक्षिकेला वही पाहताच उमगते. बोरिवलीच्या कचेरीतील लिपिक नवा अर्ज हाती येताच तशाच एखाद्या जुन्या प्रकरणाची फाईल काढतो. या तिघांपैकी कोणीही प्रथम नियमांचे पुस्तक उघडत नाही. समोरची अडचण पूर्वीच्या कोणत्या अडचणीसारखी आहे, हे त्यांना आठवते आणि तेव्हाचा उपाय थोडा फेरफार करून ते आज योजतात. हीच रीत यंत्राला शिकविण्याचा प्रयत्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात गेली चार दशके चालू आहे. तिला ‘केस-बेस्ड रीझनिंग’ म्हणतात. मराठीत ‘दाखल्यांवरून तर्क’ म्हणता येईल.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी संगणकाला तज्ज्ञ बनविण्याचा राजमार्ग म्हणजे ‘असे असेल, तर तसे करावे’ या स्वरूपाच्या नियमांची जंत्री, असे मानले जाई. परंतु निष्णात माणसाला त्याचे नियम विचारले, की तो अडखळतो आणि एखादी हकीकत सांगू लागतो. येल विद्यापीठातील रॉजर शँक यांनी 1982 मध्ये ‘डायनॅमिक मेमरी’ या ग्रंथात स्मरणाला आकलनाच्या केंद्रस्थानी बसविले. 1988 मध्ये फ्लोरिडातील क्लिअरवॉटर बीच येथे या विषयाच्या संशोधकांची कार्यशाळा भरली आणि 1995 मध्ये पोर्तुगालमधील सेसिंब्रा येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. मुंबईचे उपनगरही या काळात स्वस्थ नव्हते. जुहू येथे 1985 मध्ये स्वायत्त झालेल्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या संस्थेत डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचे संशोधन चालू होते. 1989 च्या डिसेंबरात त्याच विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. पुढे ही संस्था ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाली. माणसाचे ज्ञान यंत्रात साठवावे कसे, हा तेव्हाचा प्रश्न मात्र अद्याप जुना झालेला नाही.

दाखल्यांवरून तर्क करण्याच्या चार पायऱ्या नॉर्वेचे आमोट आणि स्पेनचे प्लाझा यांनी 1994 मध्ये नेमक्या शब्दांत मांडल्या. जुळता दाखला शोधावा, त्यातील उपाय योजावा, तो फसल्यास दुरुस्त करावा आणि नवा अनुभव जतन करावा. येलमधील क्रिस्टियन हॅमंड यांचा ‘शेफ’ हा संगणकीय आचारी याचे बोलके उदाहरण आहे. त्याच्यापाशी फरसबी घातलेल्या मांसाची चिनी पाककृती होती. तिच्यात फरसबीऐवजी ब्रोकोली योजून त्याने नवी कृती रचली. पण मांसाला सुटलेल्या पाण्याने भाजी लिबलिबीत होणार, असे आढळून आले. त्याने कारण शोधले, दोन्ही जिन्नस वेगवेगळे परतावेत अशी दुरुस्ती केली आणि कृतीबरोबर फसगतीचे कारणही स्मरणात ठेवले. या यंत्राचे शहाणपण त्या शेवटच्या नोंदीत आहे. फसलेला प्रयोग पुसून टाकला असता, तर पुढच्या वेळी भाजी पुन्हा तशीच झाली असती.

न्यायालयांना ही रीत नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, असे संविधानाचा 141 वा अनुच्छेद सांगतो. तरीही वकिलांचे निम्मे कसब ‘तो निवाडा येथे लागू पडत नाही’ हे दाखविण्यात असते. केव्हिन अ‍ॅश्ली आणि एडविना रिसलंड यांचा ‘हायपो’ हा कार्यक्रम व्यापारी गुपितांच्या खटल्यांत दोन्ही बाजूंचे दाखले मांडी, तो याच जाणिवेने. ‘पूर्वी असेच झाले होते’ हे वाक्य जितके उपयोगी, तितकेच फसवे आहे. जुन्या फायलीत अन्याय झाला असेल, तर तिच्यावरून चालणारे यंत्र तोच अन्याय अधिक वेगाने करील.

मात्र दाखलाच विसरला गेला, तर काय होते, हे पाहण्यासाठी संगणकाची गरज नाही. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगरउतारावरील झोपड्यांवर दरड कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी साकीनाक्याच्या उतारावरील वस्तीही तशीच गाडली गेली. जुलै 2021 मध्ये विक्रोळी आणि चेंबूर येथे पुन्हा उतारालगतच्या घरांतील माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. पाण्याच्या निचऱ्याचीही हीच कथा. 1985 च्या पुरानंतर तयार झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने 1993 मध्ये पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी 25 वरून 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याचा मार्ग दाखविला होता. 2005 चा प्रलय आला, तेव्हा त्यातील बहुतेक कामे कागदावरच होती. दाखला शोधलेला होता, उपायही लिहिलेला होता. तो योजण्याची पायरी तेवढी राहिली.

उताराचा कोन, मातीचा थर, संरक्षक भिंतीचे वय, आदल्या काही तासांचा पाऊस, अशा नोंदी प्रत्येक दुर्घटनेनंतर एकाच पद्धतीने ठेवल्या गेल्या, तर धोक्यात कोणती वस्ती पूर्वीच्या कोणत्या वस्तीसारखी आहे, हे यंत्र आज सांगू शकेल. परंतु अपयश लिहून ठेवणे म्हणजे कोणाचा तरी दोष लिहून ठेवणे, ही धास्ती आपल्या कार्यालयांतून गेलेली नाही. शाळेत काय किंवा कचेरीत काय, तीस वर्षांचा अनुभव शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त होतो आणि त्याच्या मागे कपाटात काही उरत नाही. पुढच्यास ठेच लागली, की मागचा शहाणा होतो, असे म्हण सांगते. पण त्यासाठी ठेच लागलेल्याने ती लपवून चालत नाही, आणि मागच्याला वेळीच थांबण्याची इच्छा असावी लागते. यापैकी एकही गोष्ट यंत्र माणसासाठी करू शकणार नाही.