येतो-जातो असा इंजिनचा पिवळा दिवा



आता बऱ्याच घरी ट्रॅक्टरशेजारी एखादी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली पेट्रोल मोटार उभी असते. बियाणे-खते आणायला आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला नगरला न्यायला तीच कामी येते. अशा मोटारीत चालकासमोर इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो कायम पेटलेला राहिला तर आपण दुरुस्तीला जातो. पण आज लागला, उद्या गेला, परवा पुन्हा लागला, की पंचाईत होते.

शेवगावजवळच्या एका बागायतदाराचे असेच झाले. नगरला जाताना तिसगाव ओलांडून करंजी घाट चढू लागले की दिवा लागायचा आणि गाडी जरा अडखळायची. गॅरेजमध्ये नेईपर्यंत दिवा गायब! एका ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला. दुसऱ्या ठिकाणी बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली अन् "झालं काम" म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला घाटात दिवा पुन्हा हजर.

हे का होते ते समजून घ्या. इंजिनवर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणक गाडीत असतो. काही बिघडल्याचे त्याला दिसले की तो दोषाचा क्रमांक नोंदवून ठेवतो. बहुतेक दोष लागोपाठ दोन-तीन फेऱ्यांत दिसल्यावर दिवा लागतो. पुढे साधारण तीन फेऱ्या दोष दिसला नाही, तर दिवा विझतो. मात्र क्रमांक त्यानंतरही बरेच दिवस आत राहतो. दोष आला तेव्हा इंजिन किती गरम होते, वेग किती होता, हेही त्याच्याजवळ असते. बॅटरी काढली की ही सगळी नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून आधी स्कॅनर लावून क्रमांक वाचून घ्या, तो कागदावर लिहून घ्या, आणि मगच गाडीला हात लावू द्या. स्कॅनर जोडायचे १६ पिनांचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते.

क्रमांक म्हणजे निदान मात्र नव्हे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो. पान पिवळे दिसले म्हणून नुसता युरिया टाकला तर उपयोग होतो का? कमतरता लोहाची असते. तसेच 'पी ०१७१' हा क्रमांक एवढेच सांगतो की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आहे. ती फाटलेल्या रबरी नळीतून शिरत असेल, किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल. सेन्सरचा दोष असेलच असे नाही.

तुम्ही स्वतः करण्यासारखे काम म्हणजे वहीत टिपण ठेवणे. दिवा कधी लागला? चढावर, खड्ड्यांत, पावसानंतर, की इंजिन पुरते तापल्यावर? चढावर ओझे असताना लागला तर प्लग आणि कॉइलवर संशय घ्या. खड्ड्यांत लागला तर वायर सैल असू शकते. नाथसागराच्या काठच्या गावांत हिवाळ्यात सकाळी ओल धरते, तेव्हा वायरींच्या जोडात हिरवट गंज आला आहे का ते पाहा. बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर घट्ट करा. शेडमध्ये कापूस, धान्य साठवले असेल तर उंदीर वायरी कुरतडतात, हे वेगळे सांगायला नको. इंजिन चालू ठेवून वायरींचा जुडगा हळूच हलवावा. मात्र फिरता पट्टा, पंखा आणि कॉइलच्या वायरींपासून हात दूर ठेवा.

त्या बागायतदाराच्या गाडीत 'पी ०३०३' निघाला, म्हणजे तिसरे सिलेंडर मिसिंग करत होते. त्याच्या गाडीत प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल आहे. मेकॅनिकने इंजिन बंद करून तिसरी कॉइल पहिल्याच्या जागी बसवली आणि पहिली तिसऱ्याच्या. पुढच्या फेरीत क्रमांक आला 'पी ०३०१'. दोष कॉइलबरोबर सरकला, तेव्हा तीच बाद. या परीक्षेला नवा भाग काही लागला नाही.

दिवा लुकलुकू लागला तर हयगय नको. मिसिंग होऊन न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतील धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जाते, आणि तो डबा लालभडक तापतो. डबा महाग असतोच, शिवाय खाली पाचट किंवा कडबा असेल तर पेट घेईल. वेग कमी करा आणि मोकळ्या जागी गाडी थांबवा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद करा.

जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कोणी तो काढून टाकला असण्याचा संभव आहे. अशी गाडी स्कॅनर लावल्याशिवाय घेऊ नका.

दुरुस्तीनंतर क्रमांक स्कॅनरनेच पुसावा, आणि ज्या रस्त्यावर दिवा लागत होता त्याच रस्त्याने, तेवढीच माणसे बसवून, गाडी दोन-तीनदा नेऊन आणावी. परत आल्यावर पुन्हा एकदा स्कॅनर लावून पाहावा.