हैदराबादचा नागरी कारभार

हैदराबादेत नागरी कारभाराची सुरुवात १८६९ मध्ये, पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत झाली. शेजारच्या चादरघाटसाठी पुढे वेगळी नगरपालिका निघाली. १९३३ मध्ये ती हैदराबादेत विलीन झाली.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. त्यांनी पुराला आवर घातला आणि शहराला पिण्याचे पाणीही दिले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन होऊन दाट वस्त्यांची सुधारणा व रस्ते रुंदीकरण सुरू झाले.

१९६० मध्ये हैदराबाद व सिकंदराबादच्या महापालिका एक झाल्या. १६ एप्रिल २००७ रोजी भोवतालच्या १२ नगरपालिका व ८ ग्रामपंचायती सामावून बृहन्हैदराबाद महानगरपालिका बनली.

अशा महापालिकेत प्रभागाचे प्रश्न नगरसेवक मांडतात, तर प्रशासन राज्य सरकारने नेमलेले आयुक्त चालवतात. रस्ते, सफाई, डासनिर्मूलन, जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर ही कामे महापालिकेची. पाणी व मलनिःसारण मात्र १९८९ पासून स्वतंत्र मंडळाकडे आहे. त्यामुळे नळाची तक्रार महापालिकेत नेऊन उपयोग नाही.

सकाळी गल्लीत ‘स्वच्छ ऑटो’ येतो. हिरव्या डब्यात ओला कचरा, निळ्यात सुका. हे वर्गीकरण घरातच झाले, तर सफाई कामगाराला घाणीत हात घालावा लागत नाही. तेवढे प्रत्येक कुटुंबाने करायलाच हवे.