अनेक पडद्यांची गोदी : लॅपटॉपसाठी डॉकिंग स्टेशनची निवड

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या ह्या कारखान्याचा प्रत्येक भाग लोखंडात उतरण्यापूर्वी कागदावर उतरला होता. आरेखकाच्या कामास त्या काळी प्रशस्त टेबल लागे. एका बाजूस मूळ नकाशा, दुसऱ्या बाजूस मापांचे कोष्टक आणि मध्ये हातातले काम, ही तिन्ही एकाच वेळी नजरेखाली असल्यावाचून काम निर्दोष होत नसे. आज तेच काम संगणकावर होते. टेबलाची जागा पडद्याने घेतली. परंतु तिन्ही गोष्टी एकदम नजरेखाली असण्याची गरज मात्र होती तशीच राहिली. लॅपटॉपचा चौदा इंची पडदा ती भागवू शकत नाही. म्हणून लॅपटॉपला एक किंवा दोन स्वतंत्र मॉनिटर जोडण्याची रीत घरोघरी रूढ झाली आहे, आणि त्यासाठी बाजारात जी पेटी मिळते तिला डॉकिंग स्टेशन म्हणतात.

समजा, भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलगी पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेसाठी पुस्तकांची मांडणी घरबसल्या करते. संस्थेने तिला ॲपलचा लॅपटॉप दिला आहे. एका पडद्यावर हस्तलिखित व दुसऱ्यावर मांडलेले पान ठेवता यावे, म्हणून तिने दोन मॉनिटर घेतले आणि दोन एचडीएमआय पोर्ट असलेली पेटीही आणली. सर्व केबली जोडल्यावर दोन्ही मॉनिटर उजळले. परंतु दोहोंवर चित्र एकच! हस्तलिखित उघडावे तर दोन्हीकडे हस्तलिखित, पान उघडावे तर दोन्हीकडे पान. पेटी सदोष असावी असे वाटून तिने ती भावाच्या विंडोज लॅपटॉपला लावून पाहिली. तेथे मात्र दोन पडद्यांवर दोन निराळी चित्रे विनासायास दिसली. पेटी तीच, मॉनिटर तेच, केबलीही त्याच. मग दोष कोणाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना डॉकिंग स्टेशनची निवड कशी करावी हेही आपोआप उलगडते.

गोदी म्हणजे काय?

डॉक म्हणजे गोदी. लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७५० साली मुंबईत बांधलेली सुकी गोदी प्रसिद्धच आहे. जहाज समुद्रावर एकटे फिरते. गोदीस लागले म्हणजे माणसे, सामान व अवजारे ह्यांच्याशी त्याचा संबंध जुळतो. लॅपटॉपचेही तसेच आहे. प्रवासात तो एकटा असतो आणि टेबलावर आला की पडदे, कळफलक, माऊस व वीज ह्यांच्याशी त्यास जोडावे लागते. ही कल्पना नवी नाही. ॲपल कंपनीने १९९२ साली पॉवरबुक ड्युओ हा संगणक काढला, तेव्हा त्याच्यासाठी एक मोठी पेटीही काढली होती. संगणक तिच्या पोटात सरकवावयाचा असे. अशी पेटी त्या त्या संगणकापुरतीच उपयोगी पडे. २०१४ साली टाइप-सी नावाचे चोवीस टाचण्यांचे लहान पोर्ट प्रमाणित झाले आणि एकाच केबलीतून चित्र, माहिती व वीज ही तिन्ही नेण्याची सोय झाली. मात्र पोर्टचा आकार सारखा झाला म्हणून त्याच्या पाठीमागची शक्तीही सारखी झाली असे नव्हे. ग्राहकाची फसगत होते ती नेमकी ह्याच ठिकाणी.

पडद्याचे गणित

चित्र म्हणजे बिंदूंची रांगोळी. ह्या चित्रबिंदूंस पिक्सेल म्हणतात. सर्वसाधारण फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास बहुधा २४ बिट लागतात, आणि चित्र सेकंदास ६० वेळा नव्याने पाठवावे लागते. हा गुणाकार केला असता सेकंदास सुमारे २ अब्ज ९९ कोटी बिट होतात. एक अब्ज बिटांस गिगाबिट म्हणतात. तेव्हा फुल एचडी पडद्यास ढोबळ मानाने तीन गिगाबिट लागतात असे म्हणता येईल. ओळींमधील मोकळा अवकाश धरला तर हा आकडा थोडा वाढतो.

२,५६० गुणिले १,४४० बिंदूंच्या पडद्यास ह्याच हिशेबाने सुमारे ५.३ गिगाबिट लागतात. फोर-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० बिंदू असतात. ते फुल एचडीच्या बरोबर चौपट असल्यामुळे भारही चौपट, म्हणजे सुमारे बारा गिगाबिट होतो. थोडक्यात, एक फोर-के पडदा चार साध्या पडद्यांइतका रस्ता अडवितो. पेटीवर किती पोर्ट आहेत हे मोजण्याआधी हा हिशेब मोजला पाहिजे.

चार मार्गिकांची वाट

टाइप-सी केबलीत वेगवान वाहतुकीसाठी चार मार्गिका असतात. मुंबई–हावडा लोहमार्गावर राहणाऱ्या भिलाईकरांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. मार्ग चार, आणि त्यांवरून दोन प्रकारच्या गाड्या जावयाच्या : चित्रांच्या आणि माहितीच्या. चारही मार्गिका चित्रांस दिल्या तर पडदे उत्तम चालतात, परंतु बाहेरच्या डिस्कसारख्या उपकरणांस मंद गतीची जुनी यूएसबी वाट तेवढी उरते. दोन मार्गिका चित्रांस व दोन माहितीस दिल्या तर दोन्ही कामे चालतात, पण पडद्यांचा वाटा निम्मा होतो. बहुतेक साध्या पेट्या हीच दुसरी वाटणी करतात.

आता प्रत्येक मार्गिकेची क्षमता पाहू. डिस्प्लेपोर्ट १.२ ह्या प्रमाणानुसार एका मार्गिकेतून सेकंदास ४.३२ गिगाबिट उपयुक्त चित्र जाते, १.४ ह्या प्रमाणानुसार ६.४८ गिगाबिट जाते. म्हणजे जुन्या प्रमाणाच्या दोन मार्गिकांतून ८.६४ गिगाबिट मिळतात. त्यांत दोन फुल एचडी पडदे सुखाने बसतात. एक फोर-के पडदा मात्र साठ आवर्तनांनी बसत नाही, त्यास तीसवर उतरावे लागते. मग माऊसचा बाण अडखळत सरकू लागतो आणि दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात. नव्या प्रमाणाच्या दोन मार्गिकांतून १२.९६ गिगाबिट मिळतात. त्यांत फोर-के पडदा साठ आवर्तनांनी जेमतेम सामावतो. पेटीवर ‘फोर-के’ असे ठळक छापलेले असते, परंतु त्यापुढे ३० लिहिले आहे की ६०, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते.

एका वाटेने दोन चित्रे

एकाच केबलीतून आलेली दोन चित्रे दोन पडद्यांस कशी मिळतात? भिलाईजवळ चरोदा येथे रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. एका रुळावरून आलेल्या गाडीचे डबे तेथे सुटे करून आपापल्या दिशेस लावले जातात. पेटीतील विभाजकही तेच करतो. लॅपटॉप दोन्ही चित्रांचे तुकडे एकाच प्रवाहात गुंफून पाठवितो आणि पेटी ते वेगळे करून ज्याचे त्यास देते. ह्या पद्धतीस एमएसटी असे संक्षिप्त नाव आहे.

परंतु यार्ड कितीही सज्ज असले तरी गाडीच मुळी दोन ठिकाणचे डबे जोडून निघाली नसेल तर यार्डाने करावे काय? विंडोज ही संगणक-प्रणाली अशी मिश्र गाडी पाठविते. ॲपलची मॅकओएस प्रणाली एमएसटीच्या वाटेने निरनिराळी चित्रे पाठवीत नाही. ती एकच चित्र पाठविते आणि पेटी त्याच्या दोन प्रती करते. आपल्या उदाहरणातील मुलीस दोन्ही पडद्यांवर एकच पान दिसले ते ह्यामुळे. पेटी निर्दोष होती. ती त्या लॅपटॉपसाठी नव्हती, इतकेच.

ह्याहून खोल अशीही एक मर्यादा आहे. एकाच वेळी किती चित्रे तयार करावयाची हे लॅपटॉपमधील चित्र-संस्कारक ठरवितो. ॲपलच्या २०२० सालच्या एम-१ व त्यानंतरच्या एम-२ ह्या मूळ श्रेणीच्या चिप असलेले लॅपटॉप बाहेरचा एकच पडदा स्वतःहून चालवितात. २०२४ च्या एम-३ मॅकबुक एअरमध्ये झाकण मिटलेले असेल तर दोन पडदे चालतात. २०२५ च्या एम-४ एअरमध्ये झाकण उघडे ठेवूनही दोन चालतात. जे चित्र लॅपटॉपने निर्माणच केले नाही ते कोणतीही साधी पेटी, मग ती कितीही महाग असो, निर्माण करू शकत नाही.

आणखी दोन मार्ग

पहिला मार्ग थंडरबोल्टचा. तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीच्या थंडरबोल्ट केबलीतून सेकंदास ४० गिगाबिट जातात. २०२० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीच्या विंडोज लॅपटॉपांनी दोन फोर-के पडदे चालविलेच पाहिजेत अशी अट आहे. सबब ज्यास दोन मोठे पडदे व जलद डिस्क एकत्र हवी आहेत त्यास हा मार्ग सर्वांत निर्धास्त होय. मात्र पेट्या महाग असतात, आणि लॅपटॉपच्या पोर्टाजवळ विजेच्या बाणाची खूण नसेल तर हा खर्च बहुधा वाया जातो.

दुसरा मार्ग डिस्प्लेलिंकचा. येथे लॅपटॉपवर एक छोटी आज्ञावली बसवावी लागते. ती पडद्याच्या बदललेल्या भागाचे आकुंचन करून तो साध्या माहितीप्रमाणे पाठविते, आणि पेटीतील चिप त्यावरून पुन्हा चित्र उभे करते. म्हणजे चित्राची गाडी मालगाडी होऊन येते. ह्यामुळे एकच पडदा चालविणाऱ्या लॅपटॉपलाही अधिक पडदे जोडता येतात. लेखन, हिशेब, पुस्तकांची मांडणी अशा स्थिर कामांस हा मार्ग पुरेसा आहे. वेगवान खेळांस तो योग्य नव्हे, आणि संरक्षित चित्रपट त्यावर कधी कधी दिसत नाहीत. शिवाय लॅपटॉप मालकसंस्थेचा असेल तर आज्ञावली बसविण्यास तिची परवानगी घ्यावी लागते.

विजेची बाजू

चांगली पेटी त्याच केबलीतून लॅपटॉपला वीजही पुरविते. लॅपटॉपच्या मूळ ॲडॅप्टरवर किती वॉट लिहिले आहेत ते पाहावे. पेटीचा ॲडॅप्टर १०० वॉटांचा असला तरी काही वीज पेटी स्वतः खाते. लॅपटॉपच्या वाट्यास येणारा आकडा वेगळा दिलेला असतो आणि तोच खरा. ६० वॉटांहून अधिक वीज न्यावयाची असेल तर केबलही पाच अँपिअरची हवी. फोनची केबल तेथे चालत नाही. ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे किंवा नाही हेही पाहावे.

छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. काम करताना पेटी तापतेच. ती कागदांखाली किंवा कापडावर न ठेवता मोकळ्या हवेत ठेवावी. वीज गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, परंतु पेटीतून वीज घेणारी डिस्क एकाएकी तुटते आणि तीवर चाललेले लेखन बिघडू शकते. डिस्कवर मोलाचे काम करणाऱ्याने पेटी यूपीएसला जोडणे श्रेयस्कर.

खरेदीपूर्वीच्या चौकशा

निवडीचा क्रम पेटीपासून नव्हे, लॅपटॉपपासून सुरू करावा. प्रथम लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तो बाहेरचे किती पडदे व किती बिंदूंचे चालवितो ते वाचावे. दुसरे, टाइप-सी पोर्टातून चित्र निघते काय ते पाहावे. कित्येक लॅपटॉपांत ते पोर्ट केवळ माहितीपुरते किंवा विजेपुरते असते. तिसरे, संगणक-प्रणाली कोणती ते लक्षात घ्यावे. चौथे, आपल्या पडद्यांच्या गिगाबिटांची बेरीज करावी. पाचवे, वॉट जुळवावे.

ह्या चौकशीत कित्येकदा असेही आढळते की पेटीची गरजच नाही. लॅपटॉपला स्वतःचे एचडीएमआय पोर्ट असेल आणि टाइप-सीतूनही चित्र निघत असेल, तर एक पडदा ह्यास व एक त्यास सरळ जोडता येतो. रोज सकाळ-संध्याकाळ केबली काढण्या-घालण्याचा त्रास नसेल तर काही हजार रुपये तेवढ्याने वाचतात.

दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप बरोबर न्यावा. दोन्ही पडद्यांवर निराळी चित्रे दिसतात काय, मांडणीच्या पानावर ६० आवर्तने दाखविली जातात काय आणि त्याच वेळी बॅटरी भरत आहे काय, ह्या तीन गोष्टी तेथेच पाहून घ्याव्यात.

आपल्या उदाहरणातील मुलीने आता काय करावे? तिचा लॅपटॉप एम-१ चिपचा असेल तर थंडरबोल्टची महाग पेटी घेऊनही दुसरे चित्र मिळणार नाही. संस्थेची परवानगी घेऊन डिस्प्लेलिंकची पेटी लावणे हा एक उपाय. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा व एक मोठा मॉनिटर ह्यांवर काम भागविणे हा दुसरा, आणि त्यास अधिक खर्च नाही. पहिली पेटी भावाच्या टेबलावर जावी; तेथे ती अचूक काम देईल. गोदी कशी बांधावयाची हे जहाजाच्या मापावरून ठरते. गोदी मोठी बांधली म्हणून जहाज मोठे होत नाही.