सूर्यच बँड उघडतो, सूर्यच बंद करतो

6 सप्टेंबर 2017 ची सकाळ. पाचव्या श्रेणीचं 'इर्मा' चक्रीवादळ पहाटे कॅरिबियनमधलं बार्बुडा बेट उद्ध्वस्त करून पुढे सेंट मार्टिनवर आदळलं होतं. मोबाइलचे मनोरे कोसळले की अशा बेटांवरची खबर बाहेर पोचते ती बरेचदा हौशी रेडिओचालकांमुळे, म्हणजे हॅम मंडळींमुळे. त्यांचं 'हरिकेन वॉच नेट' दिवसा 14.325 मेगाहर्ट्झवर चालतं. नेमक्या त्याच सकाळी, तिथल्या घड्याळात आठ वाजून गेले असताना, सूर्यावर एक्स 9.3 वर्गाची ज्वाला भडकली. त्या सौरचक्रातली, म्हणजे सौरडागांच्या त्या चढउतारातली, ती सर्वांत मोठी. पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला लघुलहरींचे बँड, म्हणजे वारंवारतांचे पट्टे, गप्प झाले. संच शाबूत होते, अँटेना शाबूत होत्या, पण आवाज पुढे जाईना.

सौरडाग वाढले की लांबचे संपर्क होतात, असं नव्या हॅमला पहिल्या दिवशी सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण अर्धंच.

लघुलहरी समुद्रापार जातात त्या आयनांबराच्या जोरावर. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि हे आयनांबर तयार होतं. साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या त्याच्या एफ थरात इलेक्ट्रॉनची दाटी पुरेशी असली, की वर गेलेली लहर वळून जमिनीकडे परत येते आणि एका उडीत तीनेक हजार किलोमीटर ओलांडते. दाटी जितकी जास्त, तितकी वरची वारंवारता परत फिरते. म्हणून सौरचक्र भरात, म्हणजे डाग भरपूर, असताना 28 मेगाहर्ट्झचा दहा मीटर बँड उघडतो, आणि मोजक्या वॅटचा संच व साधी तारेची अँटेना घेऊन बसलेल्या माणसाला दुसऱ्या खंडातून उत्तर येतं. सौरकिमान आलं, की तोच बँड दिवसेंदिवस मुका असतो.

ज्वालेचे क्ष-किरण मात्र एफ थर ओलांडून खूप खाली, साठ ते नव्वद किलोमीटरवरच्या डी थरात इलेक्ट्रॉन सोडवतात. तिथे हवा दाट. लहरीमुळे हलू लागलेले इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन तिथेच जिरते. वारंवारता जितकी कमी, तितकं हे शोषण जास्त. त्यामुळे चाळीस मीटर बँड आधी जातो आणि उशिरा परततो. पंधरा आणि दहा मीटर त्यामानाने लवकर सावरतात. अशा वेळी पॉवर वाढवत बसण्यापेक्षा वरच्या बँडवर जाणं शहाणपणाचं. आणि 2017 साली चक्र भरात नव्हतंच. ते उतरत पार किमानाजवळ आलं होतं. डाग कमी म्हणजे सूर्य निरुपद्रवी, हा हिशेब त्या दिवशी पार चुकला.

ज्वालेचा फटका क्षणात बसतो आणि बहुधा तासा-दोन तासांत ओसरतो. सूर्याने फेकलेला द्रव्याचा लोट पोचायला एक ते तीन दिवस घेतो, पण त्यातून उठणारं चुंबकीय वादळ दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतं. आपल्याला त्याची झळ एका ठरावीक दिशेने जाणवते. मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते, आणि वादळात आधी बिघडतं ते ध्रुवाकडचंच आयनांबर. चुंबकीय खळबळ मोजणारा के निर्देशांक पाचावर गेला की अमेरिका हरवते. दक्षिणेकडच्या वाटा त्यामानाने तग धरतात.

आपल्या अक्षांशांची एक श्रीमंतीही आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, केरळातल्या थुंब्याजवळून जातं. तिथले इलेक्ट्रॉन दिवसा वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना साचतात. उत्तरेकडचा साठा गुजरात-मध्य प्रदेशच्या आसपास. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. म्हणून युरोपात पंधरा मीटर बंद असतानाही आपल्याकडे तो पुष्कळदा उघडा सापडतो. युरोपीय अनुभवावर लिहिलेली मार्गदर्शक पुस्तकं इथे जशीच्या तशी लागू करू नयेत.

सध्याचं पंचविसावं चक्र 2024 मध्ये शिखराला पोचलं आणि आता उताराला लागलं आहे. दहा मीटरवर बसायचं असेल तर टाळाटाळ नको. रोज सकाळी सोलर फ्लक्सचा, म्हणजे सूर्याच्या रेडिओ उत्सर्जनाचा, आकडा पाहावा, पण बँड बंद असेल असं त्यावरूनच ठरवून संच बंद करू नये. 28.200 मेगाहर्ट्झ लावावा. तिथे जगभरातल्या अठरा बीकनची, म्हणजे ठरावीक खूण पाठवणाऱ्या प्रक्षेपकांची, एक साखळी आहे. श्रीलंका, केनिया, जपान, ऑस्ट्रेलिया अशी ठिकाणं तिच्यात आहेत. प्रत्येक बीकन दहा सेकंद बोलतं, तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. आधी मोर्समध्ये स्वतःचं नाव, मग चार लांब सूर: पहिला 100 वॅटचा, मग 10 चा, मग 1 चा आणि शेवटचा 0.1 वॅटचा. पहिलाच ऐकू आला तर वाट जेमतेम उघडी आहे. चौथाही आला, तर थोडं बाजूला सरकून लगेच सीक्यू, म्हणजे 'कुणी ऐकतंय का?' अशी सर्वांना हाक, द्यावा.