इस्तंबूलचा पहिला तुर्की छापखाना : विरोध नेमका कोणाचा?

‘उलेमांनी मुद्रणकला रोखली आणि मुस्लिम जग मागे पडले’ हे विधान वर्गात सर्रास केले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभीचे इस्तंबूल पाहिले तर ते जसेच्या तसे टिकत नाही.

१७१८ च्या पासारोविट्झ तहान्वये उस्मानी साम्राज्याला बेलग्रेड ऑस्ट्रियाच्या स्वाधीन करावे लागले. या पराभवानंतर वजीर इब्राहीम पाशा यांनी युरोप जवळून समजून घेण्याचे धोरण स्वीकारले. १७२० मध्ये मेहमद चलबी यांना वकील म्हणून फ्रान्सला पाठविण्यात आले. पुत्र सईद एफेंदी सोबत होते. परतल्यावर सईद यांनी इब्राहीम मुतफर्रिका यांच्याशी हातमिळवणी केली. मुतफर्रिका हे मूळचे ट्रान्सिल्व्हेनियातील हंगेरियन, ख्रिस्ती घरात जन्मलेले. (‘मुतफर्रिका’ हा दरबारी हुद्दा, याच धातूतील ‘मुतफर्रिक’ उर्दूत ‘किरकोळ’ या अर्थाने रुळला आहे!)

१७२७ मध्ये सुलतान तिसरे अहमद यांनी छापखान्यास फर्मान दिले. शेखुल-इस्लाम अब्दुल्ला एफेंदी यांचा फतवाही अनुकूलच होता. मात्र तफसीर, हदीस, फिकह आदी धार्मिक ग्रंथ वगळण्याची अट होती. १७२९ मध्ये पहिला ग्रंथ निघाला, तो वानकुली यांचा अरबी-तुर्की शब्दकोश. पुढे इतिहास व भूगोलाचे ग्रंथ आले. १७३२ मध्ये मुतफर्रिका यांनी स्वतः लिहिलेल्या ग्रंथात युरोपातील राज्यपद्धती व लष्करी शिस्तीची चर्चा आहे.

१७३० मध्ये पत्रोना खलीलचे बंड झाले. वजीर मारले गेले, सुलतान पदच्युत झाले. छापखाना मात्र नवे सुलतान पहिले महमूद यांच्या अमदानीतही चालू राहिला. धर्माचा विरोध हेच मुख्य कारण असते, तर तो तेव्हाच बंद पडायला हवा होता.

मग अवघी १७ पुस्तकेच का निघाली? शहरात ज्यूंचा छापखाना १४९३ पासून होता, म्हणजे तंत्र अपरिचित नव्हते. अडचण वाचकाच्या सवयीची आणि बाजाराची अधिक दिसते. पुस्तक म्हणजे खत्तातांच्या हातचा सुंदर नमुना, ही रुची पक्की होती. जोडाक्षरी अरबी लिपीचे खिळे पाडणे खर्चिक होते, आणि शब्दकोश विकत घेणारे थोडेच. उर्दूच्या अध्यापकांना हे समजणे कठीण जाऊ नये: नस्तालीकच्या आग्रहापायी उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबच लिहीत होते, आणि त्यासाठी कोणी फतवा काढला नव्हता.