देवमाणूस, रात्री साडेदहा वाजता

आमच्या शिरूरच्या मावशीला रात्री नऊनंतर जागे ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. असे असता ३१ ऑगस्ट २०२० च्या रात्री साडेदहा वाजता ती पदर खोचून टीव्हीसमोर बसली, ती चक्क एका खुन्याची हकीकत पाहायला!

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. घरात गणपती, दाराबाहेर करोना, आणि संध्याकाळपासून प्रणव मुखर्जींच्या निधनाचे वृत्त. मी पुण्याहून गणपतीसाठी आलो होतो. झी मराठीवर 'देवमाणूस' या मालिकेचा त्या रात्री पहिला भाग होता, आणि जाहिराती पाहून साऱ्या आळीने जागायचे ठरवले होते.

"अगंबाई, हा तर आपला भैयासाहेब!" हा मावशीचा पहिला उद्गार. 'लागिरं झालं जी' मधला किरण गायकवाड तिने लगेच ओळखला. तेवढ्यात दौंडहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्याकडे दोन तट पडले होते. जाऊबाईंचे म्हणणे, मुले झोपायच्या वेळी असले अभद्र कशाला दाखवायचे? सासरे म्हणत होते, दाखवायलाच हवे. गंमत अशी की जाऊबाई शेवटपर्यंत जागेवरून हलल्या नाहीत!

मावशी मात्र हळूहळू गप्प होत गेली. "हे वाईचंच रे," ती पुटपुटली. २०१६ च्या ऑगस्टात वाईजवळ धोम येथे डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला अटक झाली होती आणि पोलिसांनी जमिनीतून प्रेते उकरून काढली होती. ते सारे तिला आठवले.

मला विचाराल तर तिच्या भीतीचे कारण मालिकेच्या बांधणीत होते. पूर्वी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागे. त्यात शिवाजी साटम असत. तिथे आपण पोलिसांच्या बाजूने बसत असू. खुनी कोण हे त्यांच्याबरोबर शोधायचे, तो सापडला की निवांत झोपायचे. 'देवमाणूस' मध्ये खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक, ठाऊक नाही ते गावाला. लोक त्याच्या पाया पडतात आणि आपण घरात बसून नुसते पाहतो. त्यातून 'देवमाणूस' हा शब्द आपल्याकडे कोणाला लावतात? गल्लीतल्या डॉक्टरलाच ना!

मावशीला मधुमेह आहे. तिचे डॉक्टर जवळच राहतात. टाळेबंदीतही ते तोंडाला मास्क बांधून घरी येत. मावशी त्यांना देवमाणूस म्हणे, अगदी याच शब्दात. अनंत चतुर्दशीला सकाळी ते नेहमीप्रमाणे साखर तपासायला आले, तर मावशीने दाराची साखळीदेखील काढली नाही.

"आज नको डॉक्टर, विसर्जनाची गडबड आहे."

विसर्जन ते काय, घरच्या बादलीत! ती खोटे बोलली आणि तिला लाजही वाटली, हे मला दिसत होते. पण दुसऱ्या दिवशीही तिने "नको" च म्हटले. डॉक्टरांनी बदललेल्या नव्या गोळ्याही पाकिटातच राहिल्या. मी रागावलो, हसलो, समजावले. काही उपयोग झाला नाही.

प्रसाद पोहोचवायला न्हावरे, चौफुला करीत मी दौंडला गेलो. मावसबहिणीचे सासरे रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्यापुढे मी मावशीची कथा काढली. वाटले होते, हसतील.

"घाबरल्या त्यात चूक नाही," तात्या म्हणाले. "पण दार लावून काय होणार? हे बघ, गाडी स्टेशनातून पुढे गेली की शेवटच्या डब्यामागची 'एलव्ही' ची पाटी बघतात. ती दिसली म्हणजे गाडी अखंड आली, मागं डबा सुटला नाही. ड्रायव्हर देवमाणूस आहे म्हणून पाटी बघायची कुणी सोडतं का? आणि पाटी बघितली म्हणून ड्रायव्हरला राग येतो का? डॉक्टरचाही नोंदणी क्रमांक असतो. तो बघा म्हणावं."

तात्यांचे म्हणणे खरे होते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि औषधाच्या चिठ्ठीवरही द्यायचा असतो.

शिरूरला परतल्यावर मावशीने देव्हाऱ्यामागची पिशवी काढली. तीत चिठ्ठ्यांची चवड होती. चष्मा लावून तिने एकेक पाहिली. डॉक्टरांच्या नावाखाली बारीक अक्षरांत क्रमांक छापलेला होता, जुन्यातल्या जुन्या चिठ्ठीवरसुद्धा. तिने तो मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. मग स्वतःच फोन केला.

डॉक्टर आले. साखर तीनशेच्या वर निघाली. ते काही बोलले नाहीत, गोळ्यांचे न उघडलेले पाकीट पाहूनही नाही. मावशीलाच राहवेना. तिने सगळे सांगून टाकले, मालिका, साखळी, क्रमांक, सगळे.

"आमच्या घरीही बघितली काकू," ते म्हणाले. "बायको तेव्हाच म्हणाली, उद्या पेशंट कमी येतील. आले तेवढेच, पण दवाखान्यात लावलेला नंबर एकानंही वाचला नाही. इतक्या वर्षांत तो विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मावशीने त्यांना चहा आणि उरलेले दोन मोदक दिले. मोदक त्यांनी तिच्यासमोरून उचलून दूर ठेवले आणि मगच खाल्ले. त्या रात्री सव्वादहालाच ती मला म्हणाली, "टीव्ही लाव रे. आणि दाराला कडी घातलीस ना?"