मयताची गाडी

लग्नाच्या तयारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण घरातले माणूस मुंबईत गेले आणि त्याला गावी न्यायचे आहे, तर पहिला कागद कोणता आणि तो कोणाकडे मागायचा, हे सांगणारे चार शब्द कुठे छापलेले मी तरी पाहिलेले नाहीत. विषय वार्षिकांकाला शोभणारा नाही, असे काही मित्रांनी सुचवलेही. परंतु आपल्या महाविद्यालयातली निम्मी मुले कोकणातून आलेल्या घरांतली आहेत. आज ना उद्या हे काम त्यांच्या अंगावर येणारच. म्हणून लिहितो.

लालबाग-परळ भागात कोकणातल्या गावांची ग्रामस्थ मंडळे आहेत. गिरण्यांच्या काळात एकटे चाकरमानी मंडळाच्या गाळ्यात राहत, खाणावळीत जेवत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, माणसे विरार-डोंबिवलीकडे पांगली. पण मंडळे टिकली. गेली चार वर्षे कॉलेज सांभाळून मी आमच्या मंडळाचे सहचिटणीसपद पाहतो. पूजा, गणपतीच्या गाड्या ही कामे सगळ्यांना दिसतात. रात्री दोनला येणारा फोन मात्र बहुधा मयताचा असतो.

पहिली गोष्ट कागदाची. माणूस रुग्णालयात गेला, तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र तिथले डॉक्टर देतात. ते नातेवाइकांना विनामूल्य मिळाले पाहिजे, असे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. घरी गेला, तर शेवटच्या आजारात ज्यांनी औषधपाणी केले त्या डॉक्टरांकडून ते घ्यावे. या कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स गाडीत बसण्यापूर्वीच काढाव्यात, कारण वाटेत पोलिसांनी हटकले तर दाखवायचा तोच आणि गावात पोलीस पाटलाला द्यायचा तोच.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. दहन गावी झाले म्हणून दाखला ग्रामपंचायतीतून मिळेल, असे लोक धरून चालतात. तसे नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद होते. चिता कुठे पेटली याला महत्त्व नाही. मुदत एकवीस दिवसांची. तेरावे आटोपून निवांत परतणाऱ्यांच्या हातात त्यातले थोडेच दिवस उरतात, आणि पुढे बँक, विमा, सातबारा सगळे त्या दाखल्यावर अडते.

अपघात, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्या किंवा कोणताही संशय असेल, तर मृतदेह आधी पोलिसांच्या ताब्यात जातो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. पंचनामा, शवविच्छेदन, मग ताबा-पावती, असा क्रम असतो. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही, हा जुना दंडक नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सैल केला. सोय असेल तिथे रात्रीही करता येते. पण खून, आत्महत्या, संशयित घातपात यांना ती सवलत सर्वसाधारणपणे नाही. तेव्हा रात्री भांडून उपयोग नसतो.

मागच्या मे महिन्यात आमच्या गावचा एक रिक्षावाला ठाण्याच्या बाजूला अपघातात गेला. संध्याकाळची वेळ; शवविच्छेदन सकाळवर गेले. गावात म्हातारी आई. मयत घरातून उठेपर्यंत वाडीत चूल पेटत नाही. तिकडून दर तासाला चुलतभावाचा फोन, "आवशीक काय सांगू?" मी काय सांगणार? हातात ताबा-पावती येईपर्यंत वेळ सांगता येत नव्हती. त्यातच शवागाराबाहेर एक मध्यस्थ चिकटला, 'कागद लवकर काढून देतो' म्हणून. आमच्या खजिनदार आबांनी त्याला शांतपणे चहा पाजला आणि वाटेला लावला. शवागाराच्या दाराशी असा माणूस बहुधा भेटतोच. त्याच्यापाशी नसलेला कोणताही अधिकार तो विकत असतो.

आता घाई कशाची, ते समजून घेतले पाहिजे. मृत्यूनंतर दोन-तीन तासांत जबडा व मान ताठरू लागते, सुमारे बारा तासांत सर्व शरीर ताठ होते. म्हणून जबडा बांधणे, डोळे मिटणे, हात सरळ अंगालगत ठेवणे, हे लगेच करावे. चाळीच्या अरुंद जिन्यावरून पसरलेला हात वळवता येत नाही. कुजण्याची सुरुवात पोटापासून होते, कारण आतड्यांतले जंतू जिवंतच असतात. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत पोटाच्या उजव्या खालच्या भागावर हिरवट डाग दिसू लागतो. सिंधुदुर्गात पोचायला दहा-बारा तास धरा, म्हणजे हिशेब कळेल. शवागारात साधारण चार अंश तापमान असते, तिथून देह थेट गाडीत जावा. मध्ये चाळीत दर्शनाला ठेवायचा तर शीतपेटीत, आणि थोडाच वेळ. गाडीत बर्फाच्या लाद्या लावताना लोक डोक्यापाशी लावतात; खरी गरज पोटाच्या दोन्ही अंगांना असते. पाणी गळते, तेव्हा खाली जाड प्लास्टिक हवेच.

रिक्षावाल्याची गाडी दुपारी एकला सुटली. भाडे ठरवताना आबांनी जे विचारले ते मी पाठ करून ठेवले आहे: भाडे येण्या-जाण्याचे का, टोल कोणाचा, ड्रायव्हर दोन आहेत का, आणि बिघाड झाला तर दुसरी गाडी कुठून येणार. १०८ ची रुग्णवाहिका जिवंतांसाठी आहे, तिला या कामी बोलावू नये. रुग्णालयाने बिलासाठी मृतदेह अडवू नये आणि शववाहिकांनी लूट करू नये, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मे २०२१ मध्ये सरकारांना लिहिले होते. हे ठाऊक असलेला माणूस काउंटरवर जरा ताठ उभा राहतो, एवढा तरी उपयोग आहे. ओडिशात २०१६ साली पत्नीचा देह खांद्यावर घेऊन एक आदिवासी मैलोन्‌मैल चालला, ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. गाडी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

दूरच्या प्रवासाला, दिल्ली-कोलकात्याहून वगैरे, विमान. तिथे देह मालवाहतूक विभागातून जातो आणि भाडे वजनावर पडते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पोलिसांचा ना-हरकत दाखला, एम्बामिंगचे प्रमाणपत्र आणि पेटी हवाबंद असल्याचा दाखला लागतो. एम्बामिंग म्हणजे रक्तवाहिनीतून फॉर्मेलिनयुक्त द्रावण सोडणे. शवविच्छेदन झालेल्या देहात वाहिन्या तुटलेल्या असल्याने ते अनेक ठिकाणांहून करावे लागते, वेळ जास्त लागतो.

दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांचा प्रश्न उलटा. त्यांचे रुग्ण गोव्याला बांबोळीत जातात. तिथे मृत्यू झाला तर नोंद गोव्यातच, दाखलाही तिथलाच. पत्रादेवीचा नाका ओलांडून घरी आलो म्हणून तो महाराष्ट्रातून मिळत नाही. आणि शेवटच्या घटकेला गावी नेत असताना माणूस गाडीतच गेला, तर गाडी प्रथम जिथे थांबेल तिथे खबर द्यायची, असा नियम आहे.

सगळ्यांनाच गावी न्यावे असे माझे मत नाही. देह फार बिघडला असेल, किंवा वाट पाहणारे तिकडे कोणी उरले नसेल, तर मुंबईत दहन करून अस्थी न्याव्यात. रिक्षावाल्याच्या बाबतीत मात्र आई पायरीवर बसून होती. गाडी रात्री साडेबाराला वाडीत शिरली. चेहऱ्याला धक्का लागलेला नव्हता. तेवढा भाग उघडा ठेवून बाकी आम्ही आधीच नीट गुंडाळून घेतले होते.

एक राहिले. ड्रायव्हरच्या जेवणाचे पैसे वेगळे, आणि निघण्यापूर्वी द्यावेत. वाडीत चूल बंद असते. त्याला तिथे कोणी चहासुद्धा विचारू शकत नाही, आणि परतीचा रस्ता तेवढाच लांब असतो.